डोलकाठीच्या आत गुंडाळले जाणारे मुख्य शीड पुन्हा पुन्हा अडकते तेव्हा

मुख्य शीड उघडायला घ्यावे, आउटहॉलचा, म्हणजे शिडाचा मागचा खालचा कोपरा मागे ओढणारा, दोर विंचवर (दोर ताणायच्या रहाटावर) चढवावा, मीटर-दीड मीटर कापड सुरळीत बाहेर यावे आणि मग शीड जागच्या जागी थांबावे. दोर आणखी ताणला तर विंच कुरकुरते, सैल सोडला तर बाहेर आलेले कापड वाऱ्यावर फडफडते आणि परत आत घ्यायला गेले तर तेही होत नाही. ग्रीसमधल्या लेफ्काडाजवळ, क्रोएशियात स्प्लिटच्या आसपास किंवा तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर भाड्याची बोट घेऊन फिरणाऱ्यांना हा प्रकार ओळखीचा असतो, कारण तिथल्या भाड्याच्या ताफ्यांमध्ये डोलकाठीच्या आत गुंडाळले जाणारे मेनसेल, म्हणजे मुख्य शीड, सर्रास आढळते. हल्ली परवाना काढून तिकडे जाणाऱ्यांत मराठी मंडळीही असतात आणि मुंबई-गोव्याकडच्या काही मोठ्या क्रूझिंग बोटींवरही हीच यंत्रणा असते, म्हणून तिचा विचार इथे सविस्तर केला आहे.

मूळ मुद्दा आधीच सांगून ठेवतो. शीड अडकते ते उघडताना, पण अडकण्याचे कारण बहुतेक वेळा आदल्या दिवशी ते गुंडाळताना तयार झालेले असते. त्यामुळे उघडतानाच्या युक्त्या शोधत बसणारा माणूस दर सकाळी त्याच ठिकाणी येऊन थांबतो.

आधी अडकलेले सोडवू

सर्वप्रथम विंच थांबवावी. विंच विजेवर चालणारी असेल तर बटणावरचे बोट ताबडतोब उचलावे, कारण हाताने विंच फिरवणाऱ्याला दोरातला वाढता ताण दंडात जाणवतो, मोटरला तो जाणवत नाही. ती कापड फाटेपर्यंत किंवा बूमवरची (शिडाखालच्या आडव्या दांड्यावरची) क्लूची, म्हणजे मागच्या खालच्या कोपऱ्याची, गाडी निखळेपर्यंत ओढत राहू शकते. माझ्या मते या यंत्रणेचे जेवढे नुकसान वारा करतो त्याहून जास्त नुकसान विजेची विंच करते.

त्यानंतर एक साधी तपासणी करावी. पुष्कळ डोलकाठ्यांवर, स्वीडनच्या सेल्डेन कंपनीच्या हाताने चालवायच्या यंत्रणेवर तर नक्कीच, शीड ज्यावर गुंडाळते तो आतला दांडा उलटा फिरू नये म्हणून एक रॅचेट असते आणि ते कॉकपिटमधल्या किंवा डोलकाठीच्या बुडाशी असलेल्या एका बारीक दोरीने चालू-बंद होते. शीड कमी करून चालवताना हे रॅचेट लावलेले असते, आणि उघडताना ते सोडायचे राहून गेले तर शीड काही केल्या बाहेर येत नाही. अशा वेळी अडकलेले काहीच नसते. गुंडाळणारा, म्हणजे फर्लिंगचा, दोर दुसऱ्याच एखाद्या क्लचमध्ये (दोर पकडून ठेवणाऱ्या चिमट्यात) आवळलेला आहे का, तेही याच वेळी पाहून घ्यावे.

ही दोन्ही कारणे नसतील तर घडी अडकली आहे असे समजावे. गुंडाळीवरच्या सैल कापडाची दुमड बाहेर येणाऱ्या कापडाबरोबर डोलकाठीच्या मागच्या उभ्या फटीकडे ओढली जाते आणि तिथे तिची पाचर बसते. बाहेरून जेवढे ओढावे तेवढी ती घट्ट होते. म्हणून उपाय उलट दिशेने सुरू करावा. इंजिन चालू करून बोटीची नाळ, म्हणजे पुढचे टोक, वाऱ्याच्या जवळ आणावी, मेनशीट (बूम आत-बाहेर करणारा दोर) आणि किकर (बूमची उंची खालून धरणारी जोडणी) सैल सोडावेत, आउटहॉल हातभर ढिला करावा आणि शीड एक-दोन फेरे आत घ्यावे. पाचर मागे सरकली की आउटहॉल विंचवर न चढवता नुसत्या हाताने ओढून पाहावा. पुन्हा अडकले तर पुन्हा आत, पुन्हा बाहेर, प्रत्येक खेपेला थोडे पुढे. मधेच बूमचे टोक वीतभर वर किंवा खाली करून पाहावे, वारा दुसऱ्या बाजूने घेऊन पाहावे, आणि एका माणसाने डोलकाठीपाशी उभे राहून हाताला येणारे कापड फटीतून मागे व किंचित खाली असे ओढावे. कंटाळवाणे काम आहे, पण बहुतांश घड्या अशाच सुटतात.

या वेळी दुर्बिणीने फट वरपर्यंत न्याहाळणे फार उपयोगी पडते. घडी जिथे बसली आहे तिथे कापडाची जाडी दुप्पट-तिप्पट दिसते आणि तिच्या वर-खाली तिरप्या सुरकुत्या पसरलेल्या असतात. ती उंची मनात नोंदवून ठेवावी, कारण पुढचे सगळे निदान तिच्यावरच अवलंबून आहे. घडी हाताच्या टप्प्यात असेल तर बोथट लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने ती हळूच आत ढकलता येते. स्क्रूड्रायव्हर कधीही वापरू नये. घडी उंचावर असेल तर डोलकाठीवर माणूस चढवण्याचे काम शांत पाण्यात, नांगर टाकून किंवा धक्क्याला लागून, दोन स्वतंत्र हॅलयार्डांच्या, म्हणजे शीड वर चढवायच्या दोरांच्या, आधारानेच करावे. एरवी शीड अर्धे तसेच ठेवून इंजिनावर आडोशाला जावे.

अर्धवट गुंडाळलेले शीड खाली उतरवता येत नाही, हा या यंत्रणेचा खरा धोका आहे. साध्या मेनसेलचा हॅलयार्ड सोडला की शीड निदान खाली तरी येते. इथे पुढची कड दांड्याच्या खोबणीत आणि तिच्यावर फेरे, त्यामुळे हॅलयार्ड सोडूनही काही होत नाही. वारा वाढत असेल आणि शीड दोन्हीकडे हलत नसेल तर एखादा मोकळा हॅलयार्ड बाहेर आलेल्या शिडाभोवती आणि डोलकाठीभोवती खालून वर फिरवत न्यावा आणि घट्ट आवळावा, म्हणजे फडफड थांबते आणि आडोसा गाठेपर्यंतचा वेळ मिळतो.

घडी कुठे पडते यावरून कारण

आत काय चालते ते डोळ्यांपुढे आणले तर बाकीचे आपोआप उलगडते. डोलकाठीच्या पोकळीत वरपासून खालपर्यंत एक दांडा म्हणजे फॉइल असते, शिडाची पुढची कड त्याच्या खोबणीत अडकवलेली असते, आणि फॉइल फिरले की शीड त्याच्यावर गुंडाळत जाते. पोकळी अरुंद असते. घट्ट गुंडाळी तिच्यात जेमतेम मावते, सैल गुंडाळी भिंतींना घासते. चटई गुंडाळताना एकीकडच्या हाताने जास्त आणि दुसरीकडच्या हाताने कमी ओढ दिली तर एक टोक घट्ट आणि दुसरे फुगलेले होते, तसेच इथे होते. फरक एवढाच की चटई पुन्हा उलगडून गुंडाळता येते आणि इथली चूक दुसऱ्या दिवशीपर्यंत नजरेआड राहते.

वरची आणि खालची ओढ समान ठेवण्याचे काम बूमच्या उंचीचे आहे. बूमचे टोक जास्त वर असेल तर शिडाची मागची कड, म्हणजे लीच, ढिली पडते आणि आउटहॉलची सगळी ओढ खालच्या कडेवर जाते. गुंडाळीचा खालचा भाग आवळला जातो आणि वरच्या भागात कापड सैल राहून दुमडते. बूम फार खाली असेल तर याच्या उलट होते: लीच ताठ, वरचे फेरे घट्ट आणि खालची कड ढिली पडून बुडाशी चुण्या. दुर्बिणीतून दिसलेली घडी वरच्या तिसऱ्या भागात असेल तर बूम वर राहिला होता, आणि डोक्याच्या उंचीवर असेल तर खाली राहिला होता, असे समजायला हरकत नाही.

बूम वर राहण्यामागे एक गोष्ट असते जिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. आताच्या बोटींवर बूमखालचा किकर आतून स्प्रिंगचा किंवा गॅसचा असतो आणि तो बूमला सतत वर ढकलत असतो. शीड गुंडाळण्यापूर्वी सगळे दोर ढिले करायचे म्हणून कोणी किकरचा दोरही पूर्ण सोडतो, मग तो किकर बूमला लागेल तेवढा वर उचलतो, लीच लोंबू लागते आणि वरच्या फेऱ्यांचे वाटोळे होते. किकर सोडायचा तो बूम योग्य उंचीवर येईपर्यंतच, आणि तिथे पुन्हा अडवायचा.

योग्य उंची किती, याचे एकच उत्तर सगळ्या बोटींना लागू होत नाही. बूम आणि डोलकाठी यांच्यातला कोन काटकोनाच्या आसपास असतो, नेमकी जागा शिडाच्या कापणीवर ठरते, आणि ती शोधायची रीत अशी: वारा जवळपास नसताना शीड पूर्ण उघडावे, आउटहॉलला माफक ताण द्यावा आणि बूम वर-खाली करत लीच व खालची कड दोन्ही सारख्याच ताणलेल्या दिसतील अशी उंची पकडावी. मग तिथे टॉपिंग लिफ्टवर (बूमचे टोक वरून धरणाऱ्या दोरावर) आणि किकरच्या दोरावर रंगीत सुतळीचे वेढे घालून खूण करावी. भाड्याची बोट असली तरी पहिल्या सकाळी धक्क्यावरच हे काम उरकून घ्यावे. ताफ्याचा माणूस बोट ताब्यात देताना गॅस आणि शौचालयाबद्दल पुष्कळ बोलतो. या खुणेबद्दल मात्र आपणच विचारावे लागते.

वारा कोणत्या बाजूने घ्यावा

‘गुंडाळताना थेट वाऱ्यात नाळ करावी’ हा सल्ला साध्या मेनसेलसाठी बरोबर आहे, इथे अर्धाच लागू होतो. नाळ थेट वाऱ्यात असली की शीड फडफडते, फडफडणाऱ्या कापडात ताण टिकत नाही आणि गुंडाळी सैल पडते. बोटीवर जाणवणारा वारा नाळेपासून १०-२० अंश बाजूला राहील एवढे वळावे, म्हणजे शिडात वाऱ्याची हलकीशी पकड राहते आणि ते शांतपणे आत जाते.

बाजू कोणती, हेही महत्त्वाचे आहे. डोलकाठीच्या बुडाशी, जिथे फॉइल उघडे दिसते, तिथे वाकून शीड गुंडाळीच्या कोणत्या बाजूने निघते ते पाहावे. समजा ते गुंडाळीच्या उजव्या, म्हणजे स्टारबोर्ड बाजूने निघते. तिथून ते मागे आणि मध्याकडे येत फटीतून बाहेर पडते, म्हणजे त्याची स्वाभाविक दिशा किंचित डावीकडे जाणारी असते. बूम थोडा डावीकडे असेल तर कापड सरळ रेषेत सरकते; बूम उजवीकडे गेला तर तेच कापड फटीच्या कडेवर मोडून उलट वळते आणि घासते. म्हणून अशा डोलकाठीवर वारा उजवीकडून आणि बूम डावीकडे हा मेळ सोयीचा. शीड गुंडाळीच्या डाव्या बाजूने निघत असेल तर सगळे उलट करावे. हा फरक कागदावर क्षुल्लक वाटतो, पण १२ मीटरच्या बोटीवर वारा वाढलेला असताना एका बाजूने हाताने आत येणारे शीड दुसऱ्या बाजूने विंचवरही जड जाते. वारा मागून घेऊन गुंडाळण्याचा मोह टाळावा. तेव्हा शीड फटीच्या कडेवर आणि श्राउडवर, म्हणजे डोलकाठीला बाजूने धरणाऱ्या तारांवर, दाबलेले असते.

याच तपासणीत कधी कधी एक चमत्कारिक गोष्ट सापडते. अखंड वळशाच्या, म्हणजे टोके जोडून कडे केलेल्या, दोराच्या काही यंत्रणांमध्ये शीड पूर्ण उघडल्यानंतरही दोर त्याच दिशेने ओढत राहिले तर फॉइल पुढे फिरत राहते आणि शीड विरुद्ध दिशेने गुंडाळले जाते. वरून सगळे ठीक दिसते, पण शीड आता चुकीच्या बाजूने निघते आणि प्रत्येक वेळी फटीच्या कडेला खरडते. आधीच्या चमूने असे करून ठेवले असेल तर आठवडाभर बूम आणि वाऱ्याचे कितीही प्रयोग केले तरी फरक पडत नाही. एका शांत सकाळी शीड पूर्ण उघडून योग्य दिशेने परत गुंडाळले की तक्रार संपते.

दोन दोरांचा मेळ

गुंडाळताना फर्लिंगचा दोर पुढाकार घेतो आणि आउटहॉल अनिच्छेने मागून येतो. उघडताना आउटहॉल पुढाकार घेतो आणि फर्लिंगचा दोर अनिच्छेने सुटतो. या अनिच्छेतच सगळे मर्म आहे. गुंडाळताना आउटहॉल क्लचमधून मोकळा सोडून दिला तर फेरे सैल पडतात, म्हणून तो विंचवर एक-दीड वेढा देऊन हाताने घसरू द्यावा. उघडताना लोकांचे लक्ष आउटहॉलवर असते आणि फर्लिंगचा दोर मोकळा राहतो. मग गुंडाळी आतल्या आत आउटहॉलपेक्षा भरभर फिरते, फेरे पोकळीत फुलतात आणि नीट गुंडाळलेले शीडसुद्धा अडकते. फर्लिंगची मोटर बटणावर चालणारी असेल तर ही चूक आणखी सोपी होते. तिथे थोडे उघडावे, आउटहॉलचा ढिलेपणा भरून घ्यावा, पुन्हा थोडे उघडावे, असे टप्प्याटप्प्याने जावे.

अखंड वळशाचा दोर चाकावर घसरत असेल तर तो गुळगुळीत झाला आहे किंवा मोकळ्या बाजूला ताण नाही. मोकळ्या बाजूला हाताने ताण ठेवूनही घसरत असेल तर उत्पादकाने सांगितलेल्या जाडीचा दोर बदलून घ्यावा.

डोलकाठी, हॅलयार्ड आणि कापडाचे वय

वरचे सगळे नीट केले तरी शीड त्याच उंचीवर अडकत राहिले तर डोलकाठीकडे वळावे. बॅकस्टे (डोलकाठीचे टोक मागून धरणारी तार) ताणला की डोलकाठीचा मधला भाग पुढे वाकतो, फॉइल मात्र दोन टोकांमध्ये सरळच राहते. परिणामी मधल्या उंचीवर गुंडाळी मागच्या भिंतीला, म्हणजे नेमकी फटीलाच, टेकते. म्हणून गुंडाळण्यापूर्वी आणि उघडण्यापूर्वी बॅकस्टे सैल करावा. या प्रकारची डोलकाठी मुळातच जवळपास सरळ उभी असावी लागते. शर्यतीच्या बोटीसारखा बाक तिला सोसत नाही. फॉइललाही स्वतःचा ताण असतो आणि तो कमी झाला की फॉइल झोल खाते, पण तो नीट करणे रिगरचे, म्हणजे डोलकाठी आणि तारा बसवणाऱ्या कारागिराचे, काम आहे.

हॅलयार्ड किती ताणावा याची खूण शिडावरच दिसते. पुढच्या कडेला आडव्या सुरकुत्या असतील तर हॅलयार्ड कमी आहे. फॉइलला समांतर उभी चुणी उमटली असेल तर जास्त आहे, आणि ती चुणी पहिल्याच फेऱ्यात दुमडून संपूर्ण गुंडाळीचा पाया वाकडा करते. आडव्या सुरकुत्या जेमतेम जातील एवढाच ताण पुरे.

राहिले कापड. या शिडांची कापणी मुद्दाम सपाट केलेली असते आणि त्यांना कापड ताठ ठेवणाऱ्या आडव्या पट्ट्या नसतात. डेक्रॉन, म्हणजे शिडाचे पॉलिएस्टर कापड, जुने झाले की मधला भाग ताणून पोट सुटते, आणि ते जास्तीचे कापड गुंडाळीत मावायला जागा नसते. बूम, वारा, दोर, बॅकस्टे सगळे बरोबर असून घडी दर वेळी शिडाच्या मध्यावर पडत असेल आणि पूर्ण उघडलेल्या शिडात आउटहॉल ताणूनही पोट दिसत असेल, तर दोष हाताळणीचा नाही. शीड शिलाईवाल्याकडे नेऊन सपाट करून घेणे हा मधला मार्ग आहे, पण फार जुन्या कापडावर तो खर्च करू नये असे माझे मत आहे. नवे शीड शिवताना पोकळीचे माप आणि कापडाची जाडी यांचा मेळ आधी घालावा. जाड कापड टिकते जास्त, पण शेवटचे फेरे आत शिरत नाहीत. उभ्या पट्ट्यांचे शीड आकाराने देखणे असते, मात्र पट्टी फटीशी येताना तिला समांतर असावी लागते आणि बूमच्या उंचीतली चूक ते मुळीच खपवून घेत नाही. लीचवर सुटून लोंबणारी दोरी किंवा वाऱ्याची दिशा दाखवणारी फीतसुद्धा फटीत अडकते, ती आधी कापावी किंवा शिवून टाकावी.

मीठ सगळीकडे पोचते. गोड्या पाण्याची नळी फटीत धरून पोकळी वरून खाली धुवावी, बूमवरची गाडी आणि तिचा रूळ धुऊन पुसून घ्यावा, आणि तेलकट वंगणाऐवजी कोरडा सिलिकॉन फवारा वापरावा, कारण तेलावर धूळ बसते. गाडी जड झाली की गुंडाळतानाची ओढ धक्क्याधक्क्याने येते आणि फेरे असमान पडतात. कोकण किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर बोट उभी राहते, त्या काळात शीड डोलकाठीत ठेवूच नये. दमट गुंडाळीत बुरशी धरते आणि फेरे एकमेकांना चिकटतात. शीड काढल्यावर रिकामी फट वाऱ्यात बासरीसारखी वाजते आणि शेजारच्या बोटींची झोप उडवते, त्यासाठी फटीत चढवायची कापडी पट्टी मिळते. पावसाळ्यानंतर शीड पुन्हा चढवताना वारा पडलेली सकाळ निवडावी, हॅलयार्डचा ताण आणि बूमची खूण दोन्ही नव्याने तपासावीत, आणि पहिली गुंडाळी पूर्ण झाल्यावर धक्का सोडण्याआधी शीड एकदा शेवटपर्यंत उघडून परत आत घ्यावे.